पांढरं झालं म्हणजे जमलं असं नाही: जिलेटिन-डिंकाच्या प्रयोगात या चुका टाळा

पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी एक प्रोजेक्ट ठरलेला: संत्र्याच्या सालीचं तेल जिलेटिन आणि डिंकाच्या कवचात बंद करायचं. संत्र्याच्या हंगामात साली फुकट मिळतात, बाकी सामानही फार महाग नाही. तरी पहिल्या खेपेला दहातल्या आठांचं बिघडतं. बिघडण्याची कारणं मात्र दरवर्षी तीच.

आधी थोडक्यात, होतं काय ते. जिलेटिन हे प्रथिन. द्रावण आम्लधर्मी केलं की त्यावर धन भार येतो. डिंकावर ऋण भार असतोच. दोघं एकमेकांना धरतात, त्यांना चिकटून बसलेले छोटे आयन, म्हणजे भार असलेले कण, मोकळे सुटतात आणि पाण्यातून दुसरा, दाट द्रव वेगळा होतो. द्रव म्हणतोय, गाळ नव्हे. १९२९ साली बुंगेनबर्ग डी याँग आणि क्रॉइट या डच शास्त्रज्ञांनी या प्रकाराला कोॲसर्व्हेशन हे नाव दिलं. पुढे बिनकार्बनच्या कॉपी कागदावर शाईचे बारीक कण बसवले गेले, ते याच जिलेटिन-डिंकाच्या जोडीनं.

पांढरं दिसलं की नाचू नका

"सर, दूध झालं ना जी!" असं ओरडत पोरगं बीकर घेऊन येतं. पांढरं तर फाटलेलं दूधही दिसतं. थेंबभर काचपट्टीवर घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल, गुळगुळीत थेंब दिसले आणि दोन थेंब जवळ येऊन एकात एक मिसळले, तर जमलं. वाकडेतिकडे चिंध्यांसारखे पुंजके दिसले तर तो साका आहे. तो तेलाभोवती सलग पसरत नाही आणि कवच धरत नाही. मी आता सूक्ष्मदर्शकाचं निरीक्षण वहीत नसेल तर पुढचं बघतच नाही. साका बऱ्याचदा होतो तो घाईनं आम्ल एकदम ओतल्यामुळे.

पाणी: आमच्याकडची खरी भानगड

अकोला, अमरावती, बुलडाणा या पट्ट्यात भूजल खारं आहे, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. प्रयोगशाळेत मात्र आम्हीच विसरतो. पहिल्या वर्षी डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून बोअरचं वापरलं, दिवसभर आम्ल टाकत बसलो, द्रावण ढिम्म. "हे काऊन होऊन रायलं?" असं परिचर भाऊंनी विचारलं तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

उत्तर मिठात होतं. मिठाचे आयन भाराभोवती गर्दी करतात आणि प्रथिन-डिंकाला एकमेकांची ओढ दूरवर जाणवू देत नाहीत. लिटरमागे ३ ग्रॅम मीठ धरलं तरी ते सुमारे ५० मिलीमोल होतं, आणि एवढ्यानंही ही जोडी ढिली पडते. कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे आयन असले तर आणखीच. म्हणून पाणी डिस्टिल्डच घ्या. ते वाचवायचं असेल तर काचसामान आधी नळाच्या पाण्यानं धुवा, पण शेवटची धार डिस्टिल्डची हवी.

याच चुकीचं एक छुपं भावंड आहे. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), ४ च्या खाली घसरला की पोरं कॉस्टिक सोडा टाकून वर आणतात, मग परत आम्ल, परत कॉस्टिक. आकडा बरोबर येतो, पण प्रत्येक हेलपाट्यात बीकरमध्येच मीठ तयार होतं. घसरलंच तर सरळ नवीन घाण घाला. घाण म्हणजे नवीन बॅच, आमच्याकडे तेलघाण्यावरून आलेला शब्द.

जिलेटिनच्या डब्यावरचं अक्षर वाचा

ए प्रकारच्या जिलेटिनचा भार-शून्य बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याचा धन-ऋण भार फिटतो तो, साधारण पीएच ७ ते ९, बी प्रकारचा ५ च्या आसपास. त्याच्या खाली धन भार, वर ऋण. बी घेऊन पीएच ६ वर वाट बघत बसलात तर जिलेटिनवरही ऋण भार, डिंकावरही ऋण भार. दोघं तोंड फिरवून बसणार. आम्ही पीएच ४ ते ४.५ मध्ये काम करतो, पण ए वापरलं तर जिलेटिन-डिंकाचं प्रमाण नव्यानं शोधावं लागतं, कारण त्याच पीएचवर त्याचा धन भार जास्त असतो. शोधायचं कसं? सात-आठ परीक्षानळ्यांत प्रमाण बदलत जा, जिथं गढूळपणा सर्वांत जास्त तिथं दोन्हीकडचे भार जवळपास फिटतात.

डिंकाचं तसंच. बाजारातला लाडवांचा डिंक बाभळीचा आहे, धावड्याचा आहे की दोन्हींची सरमिसळ, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. लाडू कशानंही चांगलेच होतात. प्रयोग दर पुडीला वेगळा येतो. एकाच पुडीतून पूर्ण प्रोजेक्ट करा, विरघळल्यावर फडक्यातून गाळून घ्या.

प्रमाणाबद्दल एवढंच: दोन्ही दोन-दोन टक्क्यांची द्रावणं पुरे. "जास्त टाकलं तर जास्त निघंल" हा शेतीतला खतांचा हिशेब इथं चालत नाही. फार दाट केलं की हे पॉलिमर, म्हणजे जिलेटिन-डिंकाच्या लांब साखळ्या, आपल्यासोबत आणलेल्या आयनांनीच स्वतःचा खेळ मोडतात.

मे महिन्यात हा प्रयोग लावू नका

जिलेटिन आधी थंड पाण्यात अर्धा तास फुगवा, मग ४५ अंशांना विरघळवा. थेट बर्नरवर उकळलंत तर साखळ्या तुटतात आणि पुढे कवच पिचकं होतं. तेल जिलेटिनमध्ये ढवळून आधीच बारीक करा, डिंक आणि आम्ल नंतर. उलटं केलं तर तेल वर तरंगत राहतं.

मग सावकाश गार करायचं, बर्फाच्या पाण्यात १० अंशांपर्यंत. जिलेटिनची जेल ३०-३५ अंशांना वितळते. आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार असतो, त्यात वीज गेली की फ्रिज बंद, आणि तासाभरात सगळ्या कॅप्सूल परत सूप. थंडीत उलट, आम्ल टाकायच्या आधीच बीकरमध्ये जेली. आता आम्ही जानेवारीत करतो, गरम पाण्याच्या टबात बीकर ठेवून, आणि बर्फ सकाळीच फॅक्टरीतून आणून ठेवतो.

कवच पक्कं करायला ग्लुटराल्डिहाइड सगळ्या पुस्तकांत आहे, पण ते डोळ्यांना झोंबतं आणि खाण्याच्या वस्तूत नको. टॅनिक आम्ल बरं. मेळघाटातल्या हिरड्यातही टॅनिन असतं म्हणून एका पोरीनं हिरड्याचा काढा घालून पाहिला. कॅप्सूल घट्ट झाल्या, पण रंग चहासारखा आला आणि संत्र्याच्या वासावर हिरड्याचा वास चढला. पुढच्या वर्षी काढा गाळून, पातळ करून बघणार आहे म्हणते.