एका मोटारीची जागा, दहा सायकली: ऑफिस-दुकानांच्या इमारतीत सायकलतळ कसा आखावा

पहाटे भोंपू वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर गोव्यात अजून सायकलवरूनच येतो. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा फाटकातून सायकली बाहेर पडतात. पणजीतल्या ऑफिसांच्या इमारतींतही सायकली आहेत, फक्त त्या शोधाव्या लागतात. मीटररूमच्या जाळीला, जिन्याखाली, जनरेटरच्या मागे, माडाच्या बुंध्याला त्या साखळीने बांधलेल्या असतात. बहुतेक सायकली झाडूवाल्या बाईच्या, वॉचमनच्या, कँटीनमध्ये चहा आणून देणाऱ्या मुलाच्या. इमारतीचा आराखडा होताना या माणसांना कुणी काही विचारलेले नसते, आणि सायकलतळ फसण्याचे पहिले कारण तेच असते.

मी रायबंदरहून पणजीच्या पाटो भागातल्या ऑफिसला सायकलने जातो. मांडवीकाठचा तो जुना बांध सव्वातीन किलोमीटरांचा आणि अगदी सपाट, त्यामुळे रस्ता कधी जड गेला नाही. जड गेले ते पोचल्यावर सायकल ठेवणे. पूर्वी मी काम करत होतो त्या इमारतीत तळघराच्या टोकाला चाक अडकवायचे खाचांचे स्टँड होते. एका संध्याकाळी शेजारची सायकल माझ्या सायकलवर कलंडली, खाचेत अडकलेले पुढचे चाक वाकले, आणि भर पावसात ती उचलून घरी न्यावी लागली. चूक शेजारच्याची नव्हती. स्टँडच चुकीचे होते. तेव्हापासून मी प्रत्येक इमारतीतले स्टँड बघत आलो आहे. इमारतीचे मालक, बिल्डर किंवा मेंटेनन्स सोसायटीचे पदाधिकारी यांनी काय करावे, ते त्या अनुभवातून लिहितो आहे.

आधी मोजा, पण सगळ्यांना धरून

कामाचे दोन दिवस निवडा. सकाळी दहाला, दुपारी आणि संध्याकाळी सहाला इमारतीभोवती एक फेरी मारा. रेलिंगला, झाडाला, पाइपाला बांधलेली प्रत्येक सायकल मोजा. पाऊस कोसळत असेल तर मोजणी पुढे ढकला, त्या दिवशी निम्म्या सायकली घरीच राहतात. नंतर माणसांशी बोला. फक्त ऑफिसातल्या ईमेल यादीवर प्रश्नावली पाठवलीत तर सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि दुकानांतले नोकर वगळले जातील, कारण त्यांची नावे त्या यादीत नसतात. त्यांना कोकणीत, मराठीत, हिंदीत तोंडीच विचारा: कुठून येता, सायकल कुठे ठेवता, जागा असती तर आणली असती का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला महत्त्व द्या. आज दिसणाऱ्या सायकलींवरून भविष्याचा अंदाज बांधणे म्हणजे नदी पोहून जाणारे मोजून पुलाची गरज ठरवणे.

नवी इमारत असेल आणि मोजायला काहीच नसेल, तर लीड या हरित इमारतींच्या मानांकनाचा आधार घेता येतो. त्याच्या चौथ्या आवृत्तीत व्यापारी इमारतींसाठी रोज येणाऱ्या माणसांच्या ५ टक्के आणि गर्दीच्या वेळच्या पाहुण्यांच्या २.५ टक्के इतक्या सायकलींची सोय मागितली आहे. दोन्ही प्रकारांत किमान ४ जागा हव्यातच. समजा इमारतीत १२० जण कामाला आहेत आणि गर्दीच्या वेळी ९० ग्राहक असतात. कर्मचाऱ्यांच्या ६ आणि ग्राहकांच्या किमान ४, म्हणजे एकूण १० जागा.

या १० जागा किती जमीन खातात? मोटारीसाठी आखलेली एक जागा साधारण ५ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद असते. सायकल १.८ मीटर लांब. उलट्या ‘यू’ आकाराच्या एका स्टँडला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल लागते आणि दोन स्टँडमध्ये १ मीटर अंतर पुरते. पाच मीटरांत पाच स्टँड, दहा सायकली. एका मोटारीतून एकटा माणूस येतो, त्याच जागेत दहा जणांची वाहने राहतात. मालकाशी बोलताना मी हाच हिशेब मांडतो, बाकी काही समजावायची गरज सहसा पडत नाही.

जागा: दाराजवळ, डोळ्यांसमोर, जमिनीवर

ग्राहकाची सायकल अर्धा तास थांबते, कर्मचाऱ्याची नऊ तास. ग्राहकाला मुख्य दारापासून ३० मीटरच्या आत जागा हवी, नाहीतर तो समोरच्या विजेच्या खांबालाच साखळी घालेल. कर्मचारी थोडे जास्त चालेल, पण त्याला छप्पर आणि पहारा हवा. दोन्ही गरजा भागवणारी जागा गोव्यातल्या पुष्कळ इमारतींत आधीच असते: स्टिल्टखाली (खांबांवर उभ्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत), फाटकाजवळच्या पहिल्या खांबांमधली, वॉचमनच्या खोलीतून थेट दिसणारी. नेमकी तीच जागा बहुधा एखाद्या वरिष्ठाच्या मोटारीला दिलेली असते. ती मागून घ्या.

तळघर शक्यतो टाळा. उतारावरून उतरणाऱ्या मोटारींबरोबर सायकल न्यावी लागते, संध्याकाळी ती ढकलत वर आणावी लागते, आणि पणजीसारख्या खाडीकाठच्या शहरात जुलैमध्ये पंप बंद पडला की तिथे पाणी साचते. तळघराशिवाय पर्यायच नसेल तर उताराच्या कडेला सायकलसाठी वेगळी पट्टी आखा आणि जागा उतार संपतो तिथेच ठेवा, पार टोकाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नको.

आणखी एक गोष्ट अनुभवी आर्किटेक्टच्याही लक्षात येत नाही. माडाखाली सायकलतळ करू नका. सावली छान वाटते, पण वरून नारळ आणि झावळ्या पडतात. सायकलीपेक्षा ती काढायला वाकलेल्या माणसाला त्यांचा धोका जास्त.

स्टँड: सायकलीचा सांगाडा बांधता आला पाहिजे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चांगल्या स्टँडची परीक्षा साधी आहे. सायकल दोन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि एकाच कुलुपात तिचा सांगाडा व एक चाक दोन्ही आले पाहिजेत. खाचेच्या स्टँडमध्ये फक्त चाक धरले जाते. धक्का लागला की सगळे वजन रिमवर येते, आणि चाक सोडवून बाकीची सायकल पळवणेही सोपे. भिंतीवरचे हुक आणि दुमजली स्टँड छायाचित्रात छान दिसतात. पण आपल्याकडची हीरो किंवा ॲटलसची काळी, कॅरिअरवाली सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि बॅटरीची सायकल त्याहूनही जड असू शकते. दिवसभर फरशी पुसून थकलेल्या बाईने ती डोक्याच्या उंचीवर टांगावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

उलटा ‘यू’ कोणताही चांगला फॅब्रिकेटर बनवून देईल. दीड इंची साधी लोखंडी पाइप (जस्त न चढवलेली), मीडियम क्लासची म्हणजे मध्यम जाडीची, घ्या. जमिनीवर उंची ८० सेंटिमीटर, लांबी ७५ सेंटिमीटर, आणि दोन्ही पाय काँक्रीटमध्ये २५-२५ सेंटिमीटर गाडलेले. एका स्टँडला २ मीटर ८५ सेंटिमीटर पाइप लागते, म्हणजे सहा मीटरच्या एका नळीतून दोन स्टँड निघतात. पाइप बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. कोपऱ्यावर तुकडे जोडले तर पहिला गंज त्या जोडातच धरतो. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, वरच्या हिशेबाबाहेरची, एक आडवी पाइप लावा, कारण मधला दांडा नसलेल्या लेडीज सायकली आणि मुलांच्या सायकली तिथेच टेकतात व तिथेच बांधल्या जातात.

पेव्हर ब्लॉकवर नुसते बोल्ट मारून स्टँड बसवू नका, दोन पावसाळ्यांत ब्लॉकसकट हलायला लागते. प्रत्येक पायाखाली फूटभर खोल काँक्रीटचा ठोकळा हवा. गाडलेल्या भागाला आडवी सळी वेल्ड केली की पाय ओढून किंवा पिळून काढता येत नाही. तयार स्लॅबवरच बसवायचे असेल तर अँकर बोल्ट चालतात, पण नट आवळल्यावर वेल्डचा एक ठिपका मारून घ्या.

पहिला स्टँड भिंतीला समांतर असेल तर मध्ये निदान ६० सेंटिमीटर सोडा, नाहीतर त्या बाजूची सायकल आत जाणारच नाही. रांगेच्या मागे दीड मीटर मोकळी वाट ठेवा. सायकल बाहेर काढताना ती वळवावी लागते, आणि ते कागदावर दिसत नाही. म्हणून पाइप कापण्याआधी जमिनीवर खडूने रेघा मारा, दोन सायकली आणा आणि प्रत्यक्ष लावून-काढून बघा. तासाभराचे काम आहे. बाजूला दोन-तीन सायकलींची जागा स्टँडशिवाय मोकळी सोडा. स्वतःच्याच मधल्या स्टँडवर उभ्या राहणाऱ्या मालवाहू सायकली, पोदेराची टोपलीवाली सायकल, तिथे नीट मावतात.

पाऊस आणि खारा वारा

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. डोक्यावर नुसता पत्रा टाकून भागत नाही. सायकली पश्चिमेकडून उघड्या असतील तर त्या बाजूने छप्पर निदान एक मीटर पुढे काढा किंवा जाळीची भिंत घाला. पूर्ण बंद भिंत नको, आतले दिसेनासे होते. गोव्यातल्या घरांच्या बाल्कांवाला, म्हणजे पुढच्या ओसरीला, पावसाळ्यापुरते झावळ्यांचे पडदे लावतात, त्याच धर्तीवर चार महिन्यांचा ताडपत्रीचा पडदाही चालेल.

जमीन खरखरीत काँक्रीटची करा. चिऱ्याची फरशी दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि पाय सटकतो. शंभरात एक इतका उतार गटाराकडे द्या.

गंजाचे म्हणाल तर लोखंडाला नुसता रंग देणे हा पैशांचा अपव्यय आहे. साखळी घासून रंग पहिल्याच महिन्यात निघतो आणि उघड्या लोखंडावर खारी हवा काम सुरू करते. वाकवणे, वेल्डिंग, भोके पाडणे सगळे संपल्यावर पूर्ण स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, घ्या. आधीच जस्त चढवलेली पाइप वेल्ड केली की जोडावरचे जस्त जळून जाते. मिरामार, दोनापावला, वास्कोसारख्या अगदी समुद्रालगतच्या जागी स्टेनलेस स्टील वापरणार असाल तर ३०४ ऐवजी ३१६ ग्रेड मागा.

स्कूटर घुसू नयेत म्हणून

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. मोकळी सावली दिसली की तिथे स्कूटर लागते, आणि आठवड्याभरात सायकलतळ नावापुरता उरतो. सायकलतळ जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच ओट्यावर घ्या आणि वर चढायला एकाच टोकाला, वॉचमनच्या बाजूने, अरुंद उतार ठेवा. स्कूटर त्यावरूनही चढू शकते, पण वॉचमनच्या नजरेसमोरून. जमिनीवर सायकलीचे मोठे चित्र रंगवा आणि पाटीवर मराठी, कोकणी, इंग्रजीत स्पष्ट लिहा. वॉचमनला मात्र सोसायटीच्या सहीचे पत्र द्या. पत्र हातात नसेल तर मोठ्या साहेबाची स्कूटर तो हलवायला सांगू शकत नाही.

अंघोळीची सोय जमली तर फार उपयोगी. लीडच्या हिशेबात पहिल्या १०० माणसांना एक शॉवर आणि पुढच्या प्रत्येक १५० ला आणखी एक धरतात. जुन्या इमारतीत तेवढे न जमल्यास कपडे बदलायला एक खोली, पंखा आणि ओले रेनकोट टांगायला खुंट्या एवढे तरी करा. बॅटरीच्या सायकलींसाठी स्वतंत्र एमसीबीवरचे (भार वाढला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवरचे) दोन प्लग पुरतात, ते जिन्याच्या किंवा बाहेर पडायच्या वाटेवर लावू नका.

काम काढण्याआधी मंजूर नकाशा उघडा. गोव्यात पार्किंगच्या अटी २०१० च्या भूविकास व बांधकाम नियमावलीत आहेत. नकाशात दाखवलेली मोटारीची जागा परस्पर बदलू नका, आर्किटेक्टला घेऊन नगर नियोजन खात्याकडे आणि पालिकेकडे किंवा पंचायतीकडे विचारणा करा. मोकळ्या आवारात नवे छप्पर घालायचे असेल तरीही तेच. अग्निशमन दलाच्या गाडीची वाट तर कोणत्याही परिस्थितीत अडवायची नाही.

सायकलतळ सुरू झाला की वर्षाकाठी एक काम उरते, ते मे महिन्यात करा. टायर बसलेल्या, धूळ धरलेल्या सायकलींना तारखेची चिठ्ठी बांधा आणि तीस दिवस थांबा. चिठ्ठी जशीच्या तशी राहिली तर सायकलीचा फोटो आणि चेसिसवरचा नंबर वहीत लिहून ती आवारातल्या बंद खोलीत हलवा. कुलूप कापताना वॉचमनबरोबर सोसायटीचा एक माणूस उभा ठेवा. गावी गेलेला एखादा कामगार ऑगस्टमध्ये परत येतो आणि सायकल मागतो, तेव्हा ती वही उपयोगी पडते.