पेरोच्या परीकथांची जुनी चित्रं कशी पाहावीत?

फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या परीकथा १६९७ मध्ये पॅरिसला पुस्तकरूपात आल्या. तेव्हापासून कितीतरी चित्रकारांनी त्या चितारल्या. सुरुवात मात्र एकाच पुस्तकापासून करा: गुस्ताव्ह दोरेच्या चित्रांची, एत्झेल या प्रकाशकाने १८६२ मध्ये काढलेली आवृत्ती. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संकेतस्थळावर दोरेची चित्रं मोफत पाहता येतात.

१. आधी पेरोची गोष्ट वाचा. लहानपणी ऐकलेली लाल टोपीवाली मुलगी शेवटी लांडग्याच्या पोटातून सुखरूप बाहेर येते. तो शेवट जर्मन कथासंग्राहक ग्रिम बंधूंचा. पेरोकडे लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. हे कळल्यावर दोरेचं पलंगावरचं चित्र उघडा. आजीची टोपी घातलेला लांडगा शेजारी पडलाय, मुलीने पांघरूण छातीशी घट्ट धरलंय आणि तिची नजर त्याच्यावर खिळलीय. खाण्याचा प्रसंग दोरे दाखवत नाही. मला हे चित्र त्यामुळेच जास्त भीतीदायक वाटतं.

२. चित्राचे खालचे कोपरे मोठे करून पाहा. तिथे बहुधा दोन सह्या सापडतात: एक दोरेची, दुसरी पानमाकर किंवा पिझांसारख्या कोरक्याची, म्हणजे छपाईसाठी लाकडी ठोकळा कोरणाऱ्या कारागिराची. दोरे थेट लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचा, बऱ्याचदा शाईच्या फिक्या-गडद छटांत. त्या छटांचं बारीक रेषांमध्ये रूपांतर करणं हे कोरक्याचं काम. त्याने खोदून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला उंच भाग शाई घेतो. जंगलातला काळोख नीट पाहा, तो अशाच रेषांनी विणलेला दिसेल. या कोरक्यांची नावं फार कमी घेतली जातात, म्हणून ती वहीत जरूर टिपून ठेवा.

३. उजेड कुठून येतो, माणसं झाडांपुढे किती लहान दिसतात, तेही बघा.

४. आता तोच प्रसंग दुसऱ्या चित्रकाराकडे शोधा. ‘निळ्या दाढीवाला’ ही कथा यासाठी उत्तम. दोरेच्या चित्रात कथेतला नवरा युरोपीय सरदार आहे. बायकोला किल्ली देताना त्याचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. तूलूझमध्ये जन्मलेल्या एडमंड द्यूलाकने १९१० च्या पुस्तकात हीच कथा पौर्वात्य पोशाखात, रंगांत रंगवली. तोवर रंगीत छपाई सुधारली होती, त्यामुळे जलरंगाच्या कोमल छटाही कागदावर उतरू शकल्या.