‘मेमरी कमी आहे’ म्हणून फोटो उडवू नका: घरच्या कॉम्प्युटरवरच्या या चुका टाळा

साताऱ्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून मला बारा वर्षं झाली. विंडोजवर ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ अशी पाटी आली म्हणून लोक बोलावतात, आणि मी पोचायच्या आत काहीतरी करून बसलेले असतात. पाटीने कुणाचं फारसं बिघडत नाही. घाईघाईत केलेल्या उपायांनी मात्र भरून न येणारं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक एका शब्दामुळे होते. मोबाइल आल्यापासून आपल्याकडे मेमरी म्हणजे साठवायची जागा. ‘मेमरी फुल झाली, थोडे व्हिडिओ उडव’ हे आपण रोज बोलतो. कॉम्प्युटरच्या त्या पाटीतली मेमरी वेगळी. ती म्हणजे रॅम (चालू प्रोग्रॅमचं सामान तात्पुरतं ठेवायची जागा) आणि तिच्या मदतीला विंडोजने डिस्कवर राखून ठेवलेली पेज फाइल, या दोघींची बेरीज. तुमचे फोटो, सिनेमे, पीडीएफ त्यात मोजलेच जात नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका काकूंकडे गेले होते. पहिल्या नातवाचं बारसं होऊन महिना झाला होता. पाटी सारखी यायला लागली तसा त्यांनी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मेमरी भरली असणार, फोटो उडवा. काकूंनी डी ड्राइव्हवरचा बारशाचा अख्खा फोल्डर शिफ्ट-डिलीट केला, म्हणजे रिसायकल बिनमध्येही काही उरलं नाही. फोटो मोबाइलवर असतीलच असं त्यांना वाटलं, पण ते मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले होते आणि कार्ड कधीच पुसून झालं होतं. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा आली. भाचा स्वतः येऊन दोन सिनेमे त्याच डी ड्राइव्हवर उतरवून गेला, ते वेगळंच.

मी आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली ‘अप टाइम’ दिसतो, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते. तिथे तेवीस दिवस होते. काकू म्हणाल्या, “अगं, मी तर रोज रात्री बंद करते!” त्या खरंच करत होत्या. पण विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. ती चालू असली की ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोजचा गाभा आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस पूर्ण बंद होत नाहीत, त्या डिस्कवर गोठवून ठेवल्या जातात आणि सकाळी जशाच्या तशा परत उभ्या राहतात. सगळं नव्याने सुरू व्हायला ‘रीस्टार्ट’च करावं लागतं. त्यांच्या प्रिंटरसोबत आलेली एक सर्व्हिस रोज थोडी थोडी मेमरी घेत होती आणि परत देत नव्हती. तेवीस दिवसांत तिने 2.9 जीबी बळकावली होती. मशीनची रॅम होती 4 जीबी. सी ड्राइव्हवर जेमतेम दीड जीबी मोकळी असल्याने पेज फाइलला वाढायलाही जागा नव्हती.

रीस्टार्ट केलं, प्रिंटर चालवायला लागणारा फक्त ड्रायव्हर ठेवून बाकीचा लवाजमा काढून टाकला, सी ड्राइव्हवरचा डाउनलोड्स फोल्डर काकूंना विचारून विचारून साफ केला. पाऊण तासाचं काम. फोटो परत मिळवायला दोन रात्री गेल्या. साडेचारशेपैकी तीनशेच्या आसपास निघाले, त्यातले बरेच अर्धवट. एका फोटोत वर पाळण्याची झालर आणि बाळाचं कपाळ दिसतं, त्याखाली सगळा करडा पट्टा. जिथे भाच्याचे सिनेमे जाऊन बसले होते, तिथलं काहीच मिळालं नाही. काकूंनी तो अर्धा फोटोसुद्धा छापून घेतला.

म्हणून कळकळीने सांगते, ही पाटी आल्यावर पहिली अर्धी घटका काहीही उडवू नका. चालू काम सेव्ह करा आणि नुसतं बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे ‘कमिटेड’खाली दोन आकडे असतात, मध्ये तिरपी रेघ. डावीकडे आतापर्यंत वाटून झालेली मेमरी, उजवीकडे एकूण मर्यादा. डावा आकडा उजव्याला भिडत आला की पाटी येते. कोण खातंय हे पाहायला ‘डिटेल्स’मध्ये जाऊन मथळ्यावर राइट क्लिक करा आणि ‘कमिट साइझ’ हा रकाना जोडून घ्या. साध्या मेमरीच्या रकान्यात असा चोर बरेचदा सापडत नाही, कारण त्याने घेतलेलं सामान रॅममधून पेज फाइलमध्ये गेलेलं असतं. पाटी येऊन गेली असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये 2004 क्रमांकाची नोंद शोधा. त्या वेळी सर्वांत जास्त मेमरी घेणाऱ्या तीन प्रोग्रॅमची नावं विंडोजने स्वतः लिहून ठेवलेली असतात. कुणाकडे गेल्यावर मी ही नोंद आवर्जून वाचते.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर राग येतो: पेज फाइल बंद करणं. ‘एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) झिजते, बंद करा, कॉम्प्युटर पळायला लागेल’ असं सांगणारे व्हिडिओ पाहून नवशिके पाच मिनिटांत ती बंद करतात आणि विसरून जातात. सहा महिन्यांनी पाटी येते तेव्हा आपण काय केलं होतं ते आठवत नाही.

हिशोब समजून घ्या. 8 जीबी रॅम आणि पेज फाइल नाही, तर मर्यादा आठच्या आतच राहते. प्रोग्रॅम मेमरी मागतात तेव्हा थोडी जास्तच मागून ठेवतात, सगळी लगेच वापरत नाहीत. तरी विंडोजला मागितलेली सगळी देण्याची हमी द्यावी लागते. हमी द्यायला मागे पेज फाइल नसली की दोन जीबी रॅम रिकामी दिसत असतानाही नवीन मागणी नाकारली जाते, आणि ज्याची मागणी नाकारली तो प्रोग्रॅम बरेचदा बंद पडतो. निवृत्त शिक्षक असलेल्या एका काकांची गावच्या इतिहासाची वर्डमधली फाइल अशी न सेव्ह होता गेली. पूर्ण दिवसाचं टायपिंग होतं.

उपाय सोपा आहे. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’च्या चौकोनात टिक करा, रीस्टार्ट करा आणि त्याला परत हात लावू नका. ‘रॅमच्या दीडपट ठेवा’ वगैरे ठोकताळे मी वापरत नाही. फक्त सी ड्राइव्हवर पंधरा-वीस जीबी कायम मोकळी ठेवते, म्हणजे फाइलला वाढता येतं. ती मोकळी करताना टेम्पररी फाइल्सच्या यादीत ‘डाउनलोड्स’वर टिक करू नका. तो तुमचा खरा फोल्डर आहे.

रॅम क्लीनर, बूस्टर असलं काही टाकू नका. ते चालू प्रोग्रॅमचं सामान रॅममधून बाहेर ढकलतात, आकडा छान दिसतो, आणि दोन मिनिटांनी तेच सामान परत आणताना मशीन रखडतं.

रॅम सत्तर टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरू नका. पाटी येत नसेल तर तो आजार नाही.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका.

क्रोम ब्राउझरमध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात एखादं एक्स्टेंशनच (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) सगळं खाताना सापडतं. चाळीस टॅब बंद करायच्या आधी ते पाहा.

लगेच फॉरमॅट करू नका. कारण न शोधता फॉरमॅट केलं की तोच प्रिंटर, तोच लवाजमा परत टाकला जातो.

आणि रॅम विकत घ्यायची घाई. 4 जीबीवर आजचं ब्राउझिंग आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवणाऱ्यांना मी स्वतःच 8 करायला सांगते, पण वरचं सगळं पाहून झाल्यावर. गळती असेल, म्हणजे काकूंच्या प्रिंटरसारखं काहीतरी मेमरी घेऊन परत देत नसेल, तर 16 टाका, ती सोळाही खाईल, फक्त थोडे दिवस उशिरा. विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या पुढची रॅम ते वापरतच नाही. डीडीआर3 आणि डीडीआर4 या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, जोर लावून बसवू नका. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असल्याने बदलता येत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘स्पीड’ लिहिलेलं असतं. दुकानात जाताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि शक्य असेल तर जुनी पट्टीही कागदात गुंडाळून सोबत ठेवा.