दिवाळीनंतर कटर चालू व्हायच्या आधी: सावंतवाडी-दोडामार्गातल्या गावांनी काय काय तयार ठेवायचं

पाऊस गेला, कच्चे रस्ते सुकले की दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे डोंगरात झाडं तोडायचे कटर आणि जेसीबी चढायला लागतात. मग धावाधाव होते आणि तोवर अर्धा उतार मोकळा झालेला असतो, म्हणून तयारी श्रावणातच सुरू करा, मी तर म्हणेन नागपंचमीपासूनच.

पहिलं काम सातबारा. आपण ज्याच्याकडे बोट दाखवून जंगल म्हणतो ते कागदावर कुणाचं आहे हे बऱ्याच जणांना नीट माहीतच नसतं. कोकणातलं कितीतरी जुनं जंगल खाजगी आणि तेही सामायिक, एकेका गटावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं आणि त्यातले बरेचसे मुंबईत. सातबारा ऑनलाइन निघतो पण फेरफार आणि गावनकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि नकाशावर खाजगी, वनखात्याचं आणि देवस्थानचं असे तीन रंग भरा, कारण प्रत्येकाचा कायदा वेगळा. खाजगी मालकीतल्या झाडांना १९६४ चा झाडतोडीचा कायदा लागतो, साग, खैर, आईन, किंजळ, हिरडा, जांभूळ अशी त्यातल्या अनुसूचीतली झाडं मालकालासुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. देवराई असेल तर जमीन नक्की कुणाच्या नावे आहे ते बघा, सिंधुदुर्गात पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीचाही संबंध असू शकतो. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा सामूहिक दावा करू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये असाच हक्क मिळवला, पण आपल्याकडे बिगर-आदिवासी कुटुंबांना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, जुन्या पावत्या शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. जंगल विकणारा माणूस आपल्याच वाडीतला असतो. त्याच्या घरात आजारपण असतं, मुलीचं लग्न असतं, मुंबईतला भाऊ हिस्सा मागत असतो, आणि ठेकेदार येऊन अख्खा डोंगर उक्ता मागतो, रोख पैसे दाखवतो. अशा माणसाला चावडीवर उभं करून शिव्या घातल्या तर तो उद्या कागदावर सही करून मोकळा होईल आणि परत आपल्या मीटिंगला कधीच येणार नाही. त्यामुळे चतुर्थीला चाकरमानी घरी येतात तेव्हाच बसायचं, सगळे हिस्सेदार एका गावात असतात असे वर्षातले दिवस तेवढेच. आरती झाल्यावर, चहा घेऊन, शांतपणे, आणि आधी त्यांचं ऐकायचं. त्यांना सांगा की विकायचं असेल तरी आधी झाडं मोजून घ्या, जात लिहा, छातीच्या उंचीवर घेर लिहा, म्हणजे निदान काय जातंय ते कळेल, उक्त्या व्यवहारात मालकाला ते कधीच कळत नाही. कोकम, शिकेकाई, वावडिंग, मध यांचा पैसा येतो पण सावकाश येतो हे पण खरं खरं सांगा, नसलेली आश्वासनं देऊ नका. एका हिस्सेदाराने जरी लेखी हरकत घेतली तरी व्यवहार अडू शकतो, पण कुणाच्या घरात भांडण लावून ती घ्यायची नाही, हे माझं ठाम मत आहे.

मोजणी वर्षभर चालू ठेवा. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती २००२ च्या कायद्याने असायलाच हवी, तिची नोंदवही कपाटातून बाहेर काढा आणि खरोखर भरा. जानेवारी ते एप्रिल धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून फळं आणून भरवतो, तशी ढोली असलेलं प्रत्येक झाड फोटो आणि जीपीएससकट नोंदवा, कारण एवढी मोठी ढोली व्हायला झाड फार जुनं असावं लागतं आणि ते तोडलं की नवीन लावून भागत नाही. आपल्याच दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची देवराईतली जायफळ कुळातल्या झाडांची दलदल २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली, क्षेत्र तीन हेक्टरसुद्धा नाही, म्हणजे तुकडा लहान आहे म्हणून सोडून द्यायचं कारण नाही.

कागदांची एक फाईल करा आणि तिच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरात ठेवा. त्यात १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा आदेश हवाच, मालकी कुणाचीही असो, जंगल म्हणजे जंगल, असं त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरमधली, म्हणजे वन्यप्राण्यांच्या ये-जा करायच्या पट्ट्यातली, झाडतोड थांबवली तो आदेश हवा आणि इथल्या २५ गावांच्या इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्राबाबतचा मार्च २०२४ चा निकाल पण. हे कागद हातात असले की साहेबांशी बोलताना आवाज आपोआप शांत राहतो. शेजारी गोव्यात मोलेच्या जंगलासाठी लोक २०२० पासून रस्त्यावर उतरले, हरकती लिहिल्या, कागदोपत्री नेटाने लढले आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

ग्रामसभेचा ठराव गणसंख्या भरूनच घ्या, १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी असेल ते, नाहीतर पुढे तोच ठराव उडतो. ठरावात गट नंबर लिहा, नुसतं "आमच्या गावचं जंगल वाचवा" लिहून काही होत नाही. बायकांची सभा आधी वेगळी घ्या, ओढा आटला की पाण्याचे हंडे लांबून त्यांनाच आणावे लागतात आणि त्या बोलल्या की सभेचा सूर बदलतो. सभेआधी देवराईत देवाला गाऱ्हाणं घालायची रीत असेल तर घाला, मानकऱ्यांना बाजूला ठेवून आपल्याकडे काहीच उभं राहत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज गणपतीआधीच टाका, दहा रुपये फी, उत्तराला ३० दिवस. मागायचं काय तर या या गटांसाठी दिलेल्या तोडीच्या परवानग्या, झाडांची जात आणि घेरासकट यादी, आणि वाहतूक परवाने. मग तोड झाली तर बुंधे मोजा आणि यादीशी ताडून बघा. परवानगी वीस झाडांची आणि बुंधे साठ, असं निघालं की तक्रारीला दुसरं काही लागत नाही.

प्रत्यक्ष कटर चालू झाला तर काय, हे आधीच ठरलेलं हवं. एकट्याने जायचं नाही, कोयता-काठी न्यायची नाही, मशीनला हात लावायचा नाही, गाडीसमोर झोपायचं नाही. लांबून व्हिडिओ, गाडीचा नंबर, वेळ, जागा. १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन आणि ११२ दोन्हीकडे फोन करा, कुणी उचलला, किती वाजता, ते वहीत लिहा, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. पंचनाम्याला गावातले दोघं पंच म्हणून हजर राहा, बुंध्यांचा आकडा वाचून मगच सही करा. मजुरांशी नीट बोला, ते बहुतेक वेळा बाहेरून पोटासाठी आलेले असतात, त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

वर्गणीची पावती द्या आणि हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका. वकील आत्ताच बघून ठेवा, राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचं, पुण्याचं खंडपीठ आपल्याला जवळ, पण तिथे दाद मागायला साधारण सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईला पाच वर्षं. आणि दिवाळीच्या चार रात्री गावात सगळे फराळात असतात तेव्हा लाकडाच्या गाड्या सुटतात, त्या रात्रींची पाळी आत्ताच लावा, प्रत्येक फाट्यावर दोघं, फोन चार्ज केलेला आणि ज्या ठिकाणी रेंज येते ती जागा दोघांनाही माहीत असलेली.