शिक्षण विभागाचं पत्र नुसतं फॉरवर्ड करताय? गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांनी या चुका टाळाव्यात

मंत्रालयातून निघालेला आदेश आयुक्तालय, संचालनालय, विभागीय उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत मुख्याध्यापकांकडे येतो. व्हॉट्सॲपमुळे हा प्रवास आता काही मिनिटांत होतो. पण प्रत्येक पायरीवर त्याला 'तात्काळ', 'अतितात्काळ', 'आजच' अशी शेपटं चिकटतात आणि मूळ कागदात नेमकं काय म्हटलं होतं ते वरच राहतं. परिणाम काही महिन्यांनी दिसतात: शिक्षकाचं पद कमी होतं, अनुदान अडकतं, लेखापरीक्षणात वसुली निघते. यातलं बरंचसं तालुका आणि केंद्र पातळीवर कोणी कागद नीट वाचला तर टळतं.

कागदाची जात न पाहणं

ग्रुपवर सगळ्या पीडीएफ सारख्याच दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं. अधिनियम सगळ्यात वर, त्याखाली नियम आणि ते बदलणारी अधिसूचना, मग शासन निर्णय, मग शासन परिपत्रक, त्याखाली आयुक्त किंवा संचालकांचं पत्र. व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या बैठकीत) दिलेली तोंडी सूचना सर्वात शेवटी. खालच्या कागदाने वरचा बदलत नाही. शासन निर्णयाशी न जुळणारी सूचना व्हीसीत मिळाली, तर ती लेखी मागून घ्यावी. मागायला संकोच वाटतो खरा, पण लेखापरीक्षकासमोर 'व्हीसीत सांगितलं होतं' हे उत्तर टिकत नाही.

वरचा कागदही कायम राहतोच असं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) खाजगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव प्रवेशांबाबत ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलणारी अधिसूचना निघाली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्दच ठरवली. पीडीएफवर मात्र 'रद्द' असा शिक्का आपोआप उमटत नाही. एखादी शाळा हाच कागद दाखवून पालकाला परत पाठवत असेल, तर ते केंद्रप्रमुखांना ठाऊक असायला हवं.

शासन निर्णय खरा आहे का, हे तपासायला मिनिटभर पुरतं. शेवटच्या परिच्छेदात 'संकेतांक' दिलेला असतो. तो १८ अंकी असतो, सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस येतात आणि शेवटचे दोन अंक विभागाचे असतात. शालेय शिक्षण व क्रीडा विभागाचे २१. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' या पानावर हा क्रमांक टाकला की मूळ प्रत उघडते. उघडली नाही, तर पत्र पुढे पाठवू नका. आयुक्तालय आणि संचालनालयाची पत्रं मात्र या पानावर नसतात. त्यांच्यासाठी जावक क्रमांक, तारीख आणि सही पाहून संबंधित कार्यालयाकडूनच खात्री करावी. सहीच्या जागी नुसतं नाव टाइप केलेलं आणि जावक क्रमांकाची जागा कोरी, असा कागद म्हणजे बहुतेक वेळा मसुदा असतो.

शुद्धिपत्रक आणि 'वाचा' वगळणं

इयत्ता पहिलीपासून तिसरी भाषा हा विषय आठवून पाहा. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवीला हिंदी अनिवार्य होती. १७ जूनच्या सुधारित निर्णयात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, आणि वर्गातल्या किमान २० विद्यार्थ्यांनी मागणी केल्यास दुसरी भारतीय भाषा घेण्याची सोय झाली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. अडीच महिन्यांत तीनदा दिशा बदलली. ज्या केंद्रात फक्त पहिला कागद पोचला, तिथे वेळापत्रकं त्याच्यावर बेतली गेली.

म्हणून शासन निर्णय उघडला की आधी 'वाचा' या शीर्षकाखालचे संदर्भ पाहावेत आणि मग पुढील दोन शब्दप्रयोग शोधावेत. 'अधिक्रमित करून' असं लिहिलं असेल, तर जुना निर्णय पूर्ण गेला. 'अंशतः सुधारणा' असेल, तर जुना जिवंत आहे आणि फक्त उल्लेख केलेला परिच्छेद बदलला आहे. मग दोन्ही कागद एकत्र पाठवावे लागतात. नुसता सुधारणेचा कागद पाठवला, तर मुख्याध्यापकाला 'परिच्छेद ४ मधील उपपरिच्छेद २ ऐवजी' एवढंच कळतं, म्हणजे काहीच कळत नाही. संचमान्यतेबाबत (शाळेला किती शिक्षकपदं मिळणार ते ठरवण्याबाबत) तर २८ ऑगस्ट २०१५ चा आणि १५ मार्च २०२४ चा असे दोन्ही शासन निर्णय हाताशी नसतील, तर पदांबद्दल बोलूच नये.

कोणाला लागू, हे न लिहिणं

एका केंद्रात जिल्हा परिषदेच्या, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा असतात, क्वचित आश्रमशाळाही असते. आश्रमशाळांचा प्रशासकीय विभागच वेगळा असतो. पत्राच्या शेवटी 'प्रत' ची यादी असते आणि मजकुरात 'सर्व व्यवस्थापनाच्या' किंवा 'स्थानिक स्वराज्य संस्थांच्या' असे शब्द असतात. तेवढे वाचून वर एक ओळ लिहिली, की नको तिथून येणारे फोन थांबतात. अल्पसंख्याक शाळांची स्वतंत्र खातरजमा करा. आरटीई कायदा त्यांना लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं, तरी यूडायसची (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या देशव्यापी ऑनलाइन नोंदीची) माहिती, विद्यार्थी सुरक्षा आणि पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) त्यांनाही चुकत नाहीत.

यूडायस आणि आधारची पत्रं 'माहिती भरावी' एवढ्यावर सोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ३० सप्टेंबरचा पट हा यूडायसचा संदर्भ दिनांक, संचमान्यताही त्याच पटावर होते, आणि अलीकडच्या वर्षांत त्यात आधार वैध असलेलेच विद्यार्थी धरण्यावर भर आहे. समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदानही पटाच्या टप्प्यावर ठरतं. निकषांप्रमाणे ३१ ते १०० च्या टप्प्यात २५ हजार रुपये आणि १०१ ते २५० च्या टप्प्यात ५० हजार. पट १०१ असताना एका मुलाची नोंद अडकली, तर शाळा २५ हजारांना मुकते. आरटीईच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. तिथेही ६० आणि ६१ मधलं अंतर एका मुलाचंच.

नोंदी कुठे अडकतात, ते पाहू.

चौथीपर्यंतची वाडीवरची शाळा आणि पाचवीपासूनची मोठ्या गावातली शाळा, ही जोडी ठरलेली. जून उजाडला की वाडीच्या शाळेने मुलाला दाखला देऊन पोर्टलवर 'ड्रॉपबॉक्स'मध्ये सोडायचं असतं, आणि नव्या शाळेने त्याचा ११ अंकी पेन (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून तिथून आयात करायचं असतं. प्रत्यक्षात वाडीची शाळा सोडायचं विसरते. नव्या शाळेला मूल सापडत नाही, म्हणून ती 'नवीन विद्यार्थी' म्हणून भरते. आता एकाच मुलाचे दोन पेन तयार होतात, दुबार नोंद म्हणून दोन्ही शाळा अडतात आणि दोघी केंद्रप्रमुखांना फोन करतात. यावर उपाय म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात केंद्रातल्या चौथी आणि सातवी किंवा आठवीच्या शाळांकडून दाखला दिलेल्या मुलांची यादी पेनसह घेऊन पुढच्या शाळांना देणं. सप्टेंबरमध्ये हे काम करायला गेलात तर सर्व्हर साथ देत नाही.

त्याआधीची पायरी म्हणजे प्रोग्रेशन. मागच्या वर्षीच्या प्रत्येक मुलाचं पुढच्या वर्गात जाणं, त्याच वर्गात राहणं किंवा शाळा सोडणं नोंदवल्याशिवाय चालू वर्षाची नोंदणी पूर्ण होत नाही. एखादं मूल राहून गेलं तर शाळेचा आकडा जुळत नाही आणि प्रमाणपत्राचं बटण चालत नाही. मुख्याध्यापक मग 'पोर्टल बंद आहे' असं कळवतात. बहुतेक वेळा पोर्टल चालू असतं, एका मुलाची नोंद बाकी असते.

आधार अवैध येण्याची कारणं ठरलेली असतात: नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव मधे की शेवटी, फक्त जन्मवर्ष असलेलं जुनं आधार, लिंगाची चुकीची नोंद. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करायचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहिलं असेल, तर पालकांना आधार केंद्रावर पाठवावंच लागतं. इथे एक घातक सल्ला सर्रास दिला जातो: 'आधारप्रमाणे जनरल रजिस्टर दुरुस्त करा.' असं करू नये. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची कायमची प्रवेश नोंदवही, आणि तिच्यातलं नाव किंवा जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलता येत नाही. खाडाखोड झालेला दाखला पुढे जात पडताळणीत आणि नोकरीत अडचण करतो. जन्मदाखला आणि रजिस्टर जुळत असतील, तर दुरुस्ती आधारमध्ये करायची. रजिस्टरच चुकलं असेल, तर जन्मदाखल्यासह प्रस्ताव वर पाठवायचा.

विद्यार्थी सुरक्षेच्या आदेशातलं एकच वाक्य पुढे जाणं

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयातून सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीबाबत सूचना आल्या. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायचं, हेही त्यात आहे. ग्रुपवर मात्र 'सीसीटीव्ही बसवल्याचा अहवाल द्या' एवढंच उतरलं, आणि कॅमेरा बसवून तपासणीची नोंदवही न ठेवणाऱ्या शाळा तयार झाल्या.

याहून गंभीर गैरसमज २४ तासांबद्दल आहे. अनुचित प्रकार घडला तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं, ही प्रशासकीय सूचना. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं हे वेगळं कर्तव्य आहे आणि ते माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर आहे. 'वरिष्ठांना कळवलं होतं' हा त्यावर बचाव नाही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या व्यक्तीच्या गुन्ह्याची खबर न देणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळेत आधी चौकशी समिती, मग अहवाल, मग पोलीस, असा क्रम कोणत्याही पत्रात लिहिलेला नाही.

पैशाच्या पत्रात निर्गमनाची तारीख धरणं

पोषण आहाराचे साहित्य खर्चाचे दर १ डिसेंबर २०२४ पासून प्रति विद्यार्थी प्रतिदिन प्राथमिकला ६.१९ आणि उच्च प्राथमिकला ९.२९ रुपये झाले. १ मे २०२५ पासून ते ६.७८ आणि १०.१७ झाले. पत्र तालुक्याला पोचतं ते दर लागू झाल्याच्या कितीतरी नंतर, त्यामुळे काही शाळा पत्राच्या तारखेपासून, काही मिळाल्या तारखेपासून आणि काही पुढच्या महिन्यापासून नवा दर लावतात. 'लागू दिनांक' शोधा आणि तो ठळक करून पाठवा. शिवाय हा पूर्ण दर शाळेच्या हातात पडत नाही. जिथे धान्यादी माल पुरवठादारामार्फत येतो, तिथे शाळेकडे इंधन-भाजीपाल्याचाच भाग येतो. त्याचं विभाजन राज्याच्या आदेशात असतं, तेही सोबत जोडा.

मुदत खात जाणं, आणि निरंक

वरून आलेली दहा दिवसांची मुदत जिल्ह्यात सात, तालुक्यात तीन आणि केंद्रात 'सायंकाळी पाचपर्यंत' होते. मग मुख्याध्यापक अंदाजपंचे आकडे भरतात आणि तेच आकडे विधानसभेच्या तारांकित प्रश्नाच्या उत्तरात जातात. मूळ मुदत लिहा, आपली मुदत वेगळी लिहा. निरंक (कळवण्यासारखं काही नसल्याचा) अहवाल हवा की नको, तेही सांगा, नाहीतर न आलेली शाळा निरंक की झोपलेली हे कळत नाही.

पत्रासोबत असा मजकूर पुरे:

विषय: दाखला दिलेल्या विद्यार्थ्यांची यूडायस नोंद
लागू: चौथी, सातवी व आठवीपर्यंतच्या सर्व व्यवस्थापनाच्या शाळा
काय करायचं: ड्रॉपबॉक्समध्ये सोडणे, पेनसह यादी पुढच्या शाळेला देणे
केंद्राची मुदत / मूळ मुदत: (दोन्ही तारखा)
निरंक: आवश्यक
मूळ पत्र: जावक क्रमांक व दिनांक, पान ३ वरील मुद्दा ५ वाचावा

शेवटची ओळ वगळू नका. बारा पानी पत्रातलं नेमकं पान सांगितलं, तर ते वाचलं जातं.

फाइल साठवताना मोबाइलने दिलेलं नाव तसंच ठेवू नका. '२०२५-०६-१७_तिसरी भाषा_शासन निर्णय' असं तारखेपासून सुरू होणारं नाव दिलं, की यादी आपोआप क्रमाने लागते. आणि रद्द झालेला आदेश पुसून टाकू नये. नावापुढे 'रद्द' आणि रद्द करणाऱ्या आदेशाची तारीख लिहून तो त्याच फोल्डरमध्ये ठेवावा, कारण मधल्या काळात शाळांनी जे केलं, ते कोणत्या आदेशाने केलं असा प्रश्न माहिती अधिकारात चार वर्षांनीही येतो.