ओल्या थंडीसाठी जॅकेट कसं निवडायचं, मायनस डिग्रीचा नाद सोडून

मे संपत आला की दरवर्षी कोणाचा तरी फोन येतोच. "दादा, जुलैत हिमाचलला हम्प्टाच्या ट्रेकला चाललोय, मायनस दहाचं जॅकेट कुठे मिळेल?" मी विचारतो, मायनस दहा कोणी सांगितलं रे तुला? तर कोणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं. साधा हिशोब करा, हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा डिग्रीनं उतरतं, जुलैत आपल्याकडे रत्नागिरीत २७ च्या आसपास असतं आणि हम्प्टा पास, म्हणजे तिथली खिंड, आहे ४,२७० मीटरवर, म्हणजे ढोबळमानानं शून्याच्या आसपास. आणि त्यात पाऊस. खरी वाट लावते ती ही शून्य ते पाच डिग्रीतली भुरभुर. जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठाला मायनस आठमध्ये मी मजेत होतो, कारण बर्फ कोरडं होतं, खांद्यावर पडलं की झटकलं, विषय संपला. पाऊस झटकता येत नाही.

तर पहिलं काम, कुठे आणि कोणत्या महिन्यात जाताय ते ठरवा. डिसेंबर-जानेवारीचा कोरडा बर्फ असेल तर पुढचं अर्धं वाचलं नाही तरी चालेल, चांगलं डाऊन, म्हणजे पिसं भरलेलं जॅकेट, घ्या आणि सुटा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असेल तर नीट वाचा.

दुसरं, पावसाचं जॅकेट वेगळं आणि उबेचं जॅकेट वेगळं. दोन्ही एकात असलेलं जाडजूड 'वॉटरप्रूफ विंटर जॅकेट' घेऊ नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. चढताना ते घालवत नाही आणि उतरवलं की पावसात उघडे. पावसाचं घेताना १०,००० मिलिमीटरचं रेटिंग (कापड किती उंच पाण्याचा दाब झेलतं त्याचा आकडा) आणि आतून टेप मारलेल्या शिवणी, बास.

आता मुख्य मुद्दा, आत भरलंय काय. इथे मी स्वतः सपशेल आपटलोय म्हणून जरा लांबण लावतो.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालचा मऊ भुसभुशीत थर. ऊब त्या पिसांची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. फुगलेलं असेल तोवर डाऊनसारखं काही नाही, वजनाला हलकं आणि दाबलं तर तांब्याएवढं होतं. पण ओलं झालं की ती पिसं एकमेकांना चिकटून गोळे होतात, हवा जाते, आणि हवेच्या जागी पाणी आलं की पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझा समज एवढाच होता की वरून रेनकोट असला की डाऊन कोरडं राहतं. तर झालं असं, रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून मनाली, अंगात नवंकोरं ८०० फिल पॉवरचं (हा आकडा काय ते पुढे सांगतो) डाऊन जॅकेट, डोक्यात हवा. पासच्या अलीकडच्या बालू का घेरा कॅम्पवरून पहाटे निघालो तेव्हा गारठा होता म्हणून डाऊन अंगात, वर रेनकोट, आणि तसाच पासपर्यंत चढलो. आमचा गाईड दोनदा म्हणाला, "भाईजी, चलते टाइम मत पहनो, अंदर से भीगेगा." मी कसला ऐकतोय. वरून पाण्याचा एक थेंब आत गेला नाही, पण आतून मी घामानं चिंब. संध्याकाळी पलीकडच्या शिया गोरू कॅम्पला पोचलो, पाऊस चालूच, थांबल्या थांबल्या थंडी वाजायला लागली. जॅकेट चाचपून बघतो तर प्रत्येक कप्प्यात खाली ओल्या कापसासारखे गोळे आणि वरचा अर्धा कप्पा रिकामा, नुसतं कापडाला कापड. रात्री किचन टेंटमध्ये स्टोव्हजवळ डाळीचं गरम पातेलं पोटाशी धरून बसलो होतो, खोटं नाही सांगत. शेजारी मित्र स्वस्तातलं सिंथेटिक, म्हणजे पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेलं, जॅकेट घालून बसलेला, तेही ओलसरच होतं, पण तो पत्ते खेळत होता.

घरी आल्यावर मी एक प्रयोग केला, तुम्हीही करा, नवीन जॅकेटवर नको, जुन्या किंवा मित्राच्या. डाऊनची एक बाही आणि सिंथेटिकची एक बाही बादलीत बुडवून दहा मिनिटं ठेवली, हलकी पिळली, पडवीत दोरीवर टाकली. जूनचा महिना, समोर पागोळ्या. सिंथेटिक पिळल्या पिळल्या निम्मं तरी परत फुगलं आणि दुसऱ्या दिवशी घालण्यासारखं झालं. डाऊनची बाही आठवडाभर गोळेच्या गोळे, आणि वास असा की आई म्हणाली सुके बोंबील इथे कशाला टाकलेस.

म्हणून माझं ठाम मत, पावसाळी डोंगरासाठी सिंथेटिकच. प्रायमालॉफ्ट या सिंथेटिक भरावाचं नाव ऐकलं असेल, ते मुळात १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्याला भिजल्यावर दगा न देणारा डाऊनचा पर्याय हवा होता त्यातून आलंय. पॉलिएस्टरचे बारीक तंतू, ते पाणी पीत नाहीत, ओले झाले तरी थोडेफार फुगलेले राहतात. आपल्या घोंगडीचंच तत्त्व धरा. लावणीला आजोबा घोंगडीची खोळ घेऊन चिखलात उभे राहायचे, भिजून ती मणाची व्हायची पण आत ऊब असायची, तशी पूर्ण नाही तरी काम चालवण्यापुरती ऊब हे जॅकेट देतं. तोटे आहेत. तेवढ्याच उबेसाठी वजन जास्त, सॅकमध्ये जागा जास्त, आणि दाबून दाबून काही वर्षांत चपटं होतं. बेस कॅम्पला भाड्यानं मिळणारी जॅकेटं बऱ्याचदा अशीच मेलेली असतात, हातात घेऊन दाबा आणि सोडा, परत फुगलं नाही तर घेऊ नका.

आता कोणी सांगेल की वॉटर रिपेलंट डाऊन येतं की हल्ली. येतं. पिसांवर लेप असतो, त्यानं भिजायला वेळ लागतो, भिजायचं थांबत नाही. दोन दिवसांच्या ट्रेकला चालेल, पाच दिवस सतत दमट तंबूत मी त्याच्यावर विसंबणार नाही.

टॅगवरचे आकडे बघताना एक गफलत सगळे करतात. डाऊनची फिल पॉवर म्हणजे पिसांचा दर्जा, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा भरतात ते. ८०० फिलचं पण आत फक्त ७० ग्रॅम पिसं असलेलं जॅकेट हे ६०० फिलच्या १८० ग्रॅमवाल्यापेक्षा थंडच असणार. त्यामुळे ग्रॅम विचारा, दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान. सिंथेटिकचा आकडा एका चौरस मीटरला किती ग्रॅम असा असतो: ६० म्हणजे चालताना घालायचं पातळ, १०० ते १३३ म्हणजे पावसाळी हिमालयात कॅम्पवर बसायचं, १७० च्या पुढचं आपल्याला बहुतेक लागत नाही. आणि 'कम्फर्ट मायनस पाच' वगैरे छापलेलं असतं ते तुम्ही चालताय की बसलाय, आत काय घातलंय यावर बदलतं, त्यावर पैसे खर्च करू नका.

मापाचं सोपं आहे. दुकानात जाताना आतले सगळे थर आणि तुमचं पावसाचं जॅकेट घेऊन जा, हो, मे महिन्यातसुद्धा, लोक हसतील, हसू देत. उबेचं जॅकेट सगळ्याच्या वरून, अगदी रेनकोटच्याही वरून चढलं पाहिजे, म्हणजे कॅम्पवर पोचलात की भर वाऱ्यात काही न काढता वरून चढवता येतं. हात वर करा, कंबर उघडी पडली तर एक साइज मोठं.

हूड हवंच. खिसे सॅकच्या पट्ट्याखाली येत नाहीत ना बघा. चेनच्या मागे वारा अडवणारी पट्टी हवी. रंग कुठलाही.

आणि घेतल्यावर चालताना घालायचं नाही. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, थांबलं की पाच मिनिटांच्या आत अंगावर, घाम सुकायची वाट बघायची नाही, सिंथेटिक असेल तर अंगातल्या उबेनं आतला ओलसरपणा हळूहळू बाहेर जातो. निघताना परत पिशवीत, कितीही कुडकुडलात तरी, पहिल्या दहा मिनिटांच्या चढात अंग तापतंच.

धुण्यासाठी सॉफ्टनर वापरू नका, वरच्या कापडावरून पाणी ओघळायचं बंद होतं. आपल्याकडे राहणाऱ्यांसाठी अजून एक, ट्रेकहून आल्यावर ते जॅकेट दाबलेल्या पिशवीत घालून माळ्यावर टाकाल तर गणपतीपर्यंत त्याच्यावर बुरशीची रांगोळी असेल. हँगरला टांगून कपाटात, सिलिका जेलच्या चार पुड्या खिशात, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन दिवस अंगणात, सावलीत.