पैलवानाच्या घरातली मारहाण रंगमंचावर कशी आणावी

कुस्तीवर एकांकिका लिहायला बसलात की शेवट आपोआप सुचतो. कुस्त्यांची मोठी दंगल, मुलगा प्रतिस्पर्ध्याला चीतपट करतो, गर्दीत उभ्या असलेल्या बापाच्या डोळ्यांत पाणी येतं, दोघं मिठी मारतात, पडदा. बापाच्या हातचा मार हा तुमच्या नाटकाचा विषय असेल, तर हा शेवट आधी कागदावरून काढून टाका. मुलगा जिंकला आणि बाप रडला की प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस मनात म्हणतो, ‘मारलं म्हणूनच पोरगा घडला.’ तुम्ही पाऊण तास मारहाणीविरुद्ध बोललात आणि शेवटच्या दोन मिनिटांत तिला प्रशस्तिपत्र दिलंत. कुस्तीचा निकाल आणि घरातला मार यांचा धागा तोडायचा, हे एकदा ठरवलं की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

मी इंदूरला रामबागेत वाढले आणि गेली कित्येक वर्षं इथल्या हौशी मुलामुलींच्या एकांकिका बसवते. आमच्या शेजारी आखाड्यात जाणारा एक मुलगा होता. त्याच्या घरातून येणारे आवाज सगळ्या वाड्याला ऐकू यायचे. तिथली मोठी माणसं म्हणायची, ‘पैलवान आहे तो, त्याला काय लागतंय!’ हे वाक्य तुमच्या नाटकात कुणाच्या तरी तोंडी असू द्या, आणि ते वाईट माणसाच्या तोंडी देऊ नका. चहा पाजणाऱ्या, अडीनडीला धावून येणाऱ्या शेजारीणबाईंना द्या. खऱ्या आयुष्यातही ते अशाच माणसांकडून येतं.

लिहिण्याआधी आखाड्यात जा. पहाटे जा, आधी उस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा आणि कोपऱ्यात गप्प बसा. फावड्यानं माती कशी उकरतात, तिच्यात तेल, हळद, ताक कसं मिसळतात, उतरण्याआधी मातीला हात लावून कपाळाला कसा लावतात, ते बघा. मोठा पैलवान लहानग्याला जोर देताना, म्हणजे सरावाची कुस्ती खेळवताना, स्वतःचं वजन कसं राखून धरतो, तेही बघा. अनंत चतुर्दशीला झांक्यांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांबरोबर, आखाडे निघतात, त्या रात्री रस्त्यावर उभे राहा आणि लाठी फिरवणाऱ्या मुलापेक्षा त्याच्या बाजूनं चालणाऱ्या बापाकडे जास्त लक्ष द्या.

मग उस्तादांना एकच प्रश्न विचारा: कुस्तीत काय चालत नाही? केस ओढायचे नाहीत. बोटं पिरगळायची नाहीत. गळा दाबायचा नाही. चावायचं नाही, चिमटा नाही, लाथ नाही, ठोसा नाही. पंचाची शिट्टी झाली की सोडायचं. ही यादी जशीच्या तशी वहीत उतरवा, कारण तुमच्या संहितेचा सांगाडा तीच आहे. पहिल्या प्रवेशात उस्ताद नव्या पोरांना हे नियम सांगताहेत, पोरं मागून घोकताहेत. पुढे घरातल्या प्रवेशांत त्यातला एकेक नियम मोडला जातो. तिसऱ्या प्रवेशात केस. पाचव्यात बोटं. कुणीही त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. प्रेक्षक स्वतःच मोजायला लागतात. आखाड्यात दुखतं, खूप दुखतं, पण तिथे पंच असतो, वेळ असते आणि बाहेर पडायची वाट असते. घरात यांतलं काहीच नसतं. हे भाषणातून सांगितलंत तर कुणी ऐकणार नाही.

बाप लिहिताना घाई करू नका. आमच्या गावात त्याला भूतकाळ द्यायला लांब जावं लागत नाही. इथली हुकुमचंद कापड मिल 1991 साली बंद पडली आणि हजारो घरं एकदम थांबली. तुमच्या नाटकातल्या बापाचा बाप तिथला कामगार असू शकतो. मिल गेली, त्याबरोबर घरातलं दूध-बदाम गेलं, आणि ज्याला पैलवान व्हायचं होतं तो पोरगा दुकानात कामाला लागला. तोच आता बाप आहे. हे सगळं मला पटतं, त्या माणसाबद्दल मला वाईटही वाटतं. पण ही माहिती पहिल्या दहा मिनिटांत देऊन टाका. मारहाणीचा प्रवेश झाला आणि लगेच त्याच्या दुःखाचं स्वगत आलं, की ते स्वगत मारण्याचं कारण वाटू लागतं आणि कारणाची माफी व्हायला वेळ लागत नाही. मिलमधले हजारो लोक बेकार झाले, त्या सगळ्यांनी पोरांवर पट्टा उचलला नाही.

त्याचं प्रेमही खरं दाखवा, तिथेच खरी भीती आहे. रात्री पट्टा झाला. पहाटे तोच बाप मोहरीचं तेल कोमट करून मुलाला पालथा झोपवतो आणि पाठ चोळून देतो. बोटं वळांवरून जातात, तिथे जरा हलकी होतात. तो विचारतो, ‘दुखतंय?’ मुलगा म्हणतो, ‘नाही.’ बाप म्हणतो, ‘शाब्बास.’ एवढाच प्रवेश. त्याला संगीत लावू नका.

आईला नुसती रडवू नका. अशा घरातली बाई सतत काहीतरी करत असते: नवऱ्याच्या स्कूटरचा आवाज ओळखते, पट्टा कपड्यांच्या ढिगाखाली सरकवते, मुलाला भलत्या वेळी किराणा आणायला पिटाळते. घरखर्चाचे पैसे तिच्या हातात मोजून दिले जातात का, माहेरी फोन करायची मोकळीक आहे का, हेही ठरवा. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शारीरिक माराबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक आणि आर्थिक अत्याचारही येतात. तेव्हा तिच्या अंगावर एकही फटका न दाखवता तिचं काय चाललंय ते तुम्ही दाखवू शकता.

आता सगळ्यात अवघड जागा. सतरा वर्षांचा पोरगा, धोबीपछाडीनं, म्हणजे पाठीवर घेऊन, स्वतःपेक्षा वजनदार गडी फेकणारा, तो बापाला का फेकत नाही? प्रेक्षक हा प्रश्न विचारणारच. उत्तर संवादात देऊ नका, शरीरात द्या. बाप मनगट धरतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं मुलाचं शरीर आपसूक वळतं: पाय बापाच्या पायांच्या आत जातो, गुडघे वाकतात, खांदा बापाच्या काखेखाली येतो. बापाचं सगळं वजन आता त्याच्या पाठीवर आहे. फक्त पुढे वाकायचं बाकी आहे. बापालाही ते कळतं. नटांना तिथे थांबवा. मग मुलगा गुडघे सरळ करतो, पाय काढून घेतो आणि मनगट परत बापाच्या हातात देतो. ताकद आहे पण वापरता येत नाही, कारण लहानपणापासून त्या माणसासमोर अंग सैल सोडायची सवय लागली आहे, आणि आपण फेकलं तर उद्या आईचं काय, हेही त्याला ठाऊक आहे. नाटकाच्या तालमीत या एका हालचालीला जितका वेळ द्याल तितका कमी. नटाला खऱ्या पैलवानाकडून हा डाव शिकवून घ्या, तो येत असल्याशिवाय अर्ध्यात थांबवता येत नाही.

वजनाचा प्रवेशही जरूर ठेवा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी 100 ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली, हे सगळ्यांना आठवतं. वजन उतरवणं हा खेळाचा भाग आहे. पण घरात तो शिक्षेचा भाग होऊ शकतो. बाप माठाला झाकण घालून वर पाट ठेवतो. मुलगा भर उकाड्यात स्वेटर घालून गच्चीवर पळतोय. आई ओला फडका त्याच्या ओठांना लावते आणि बाप बघतोय का म्हणून जिन्याकडे नजर ठेवते. पट्ट्याइतकाच हा प्रवेश अंगावर येतो आणि त्यात कुणाला इजा व्हायची धास्तीही कमी. नटाला मात्र खरोखर तहानलेला ठेवू नका. अभिनय करायला सांगा.

मारहाण बसवायची पद्धत नीट वाचा, इथे हयगय चालत नाही. नियम असा की हालचाल मार खाणाऱ्याच्या ताब्यात असते. केस धरायचे असतील तर मारणारा बंद मूठ डोक्यावर नुसती टेकवतो. मार खाणारा दोन्ही हातांनी त्याचं मनगट आपल्या डोक्याशी दाबून धरतो आणि स्वतःच फरफटतो. ओढणारा ओढतच नाही. थोबाडीत मारताना दोघांत हातभर अंतर ठेवा, प्रेक्षकांकडे एकाची पाठ येईल असे उभे करा, आणि आवाज मार खाणाऱ्यानं छातीपाशी टाळी वाजवून काढावा. त्याआधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. नजर मिळाली नाही तर त्या रात्री थप्पड नाही, संवाद पुढे न्यायचा. पट्टा अंगाला लागता कामा नये, माझ्या मते तो दिसूही नये. विंगेत चामड्याचा पट्टा दुमडून दोन्ही टोकं झटक्यात ओढली की कडाड आवाज येतो. मंचावर त्या वेळी फक्त आई ठेवा, कणीक मळणारी. पडताना माकडहाडावर किंवा कोपरावर पडायचं नाही: गुडघे वाकवून आधी मांडी, मग कूस, मग खांदा. थांबण्यासाठी एक शब्द ठरवा, तो ऐकताच सगळे थांबतील. आधी अगदी संथ, मग निम्म्या वेगानं, आणि पूर्ण वेग रंगीत तालमीच्या आसपास. प्रत्येक प्रयोगाआधी ही सगळी दृश्यं एकदा संथ गतीनं करून घ्यायचीच.

मार खाणाऱ्या मुलाच्या भूमिकेसाठी अठरा पूर्ण झालेला नट घ्या. दिसायला लहान असला की पुरे. आणि तालमीआधी त्याच्याशी एकट्यानं बोला. स्वतःच्या घरात हे भोगलेली मुलं अशा भूमिका हिरिरीनं मागतात, आणि नंतर रात्रभर झोपत नाहीत. त्याला नको असेल तर भूमिका बदला, कारण विचारू नका.

कुस्ती दाखवायला मंचावर खरी माती आणू नका. दिव्यांखाली धूळ उडते, पहिल्या रांगा खोकतात, पाय घसरतात. मॅटवर मातीच्या रंगाचं जाड कापड ताणून बसवा. मॅटवरच्या कुस्तीत मोठ्यांच्या गटात 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती असते. नाटकात त्यातली फक्त विश्रांती दाखवली तरी चालतं. ते 30 सेकंद खरेच 30 सेकंद ठेवा. एका बाजूला उस्ताद पाणी मारताहेत, दुसऱ्या बाजूला बाप दबक्या आवाजात काहीतरी सांगतोय आणि मुलगा कुणाकडेच बघत नाही.

आपल्या इंदुरी घरात मराठी-हिंदीची सरमिसळ असते, ती झाकू नका. आई पुणेरी बोलायला लागली की खोटी वाटते. बाप आखाड्यात हिंदी बोलतो आणि घरात मराठी. घरात तो हिंदीवर आला की मुलगा उठून उभा राहतो, एवढं ठरवून ठेवा.

मग शेवट काय करायचा? मी सुचवेन की दंगल होऊच देऊ नका. मुलगा उस्तादांसमोर सदरा काढतो. उस्तादांनी त्या पाठीकडे बघून काय करायचं, हा तुमचा शेवट. मोठ्यांपैकी कुणीतरी पहिल्यांदा ‘त्याला काय लागतंय’ असं न म्हणता जागचं हललं पाहिजे.

प्रयोगाच्या दिवशी सुरुवातीलाच सांगा की नाटकात घरातल्या मारहाणीचे प्रसंग आहेत, ज्याला बाहेर जायचं असेल त्यानं खुशाल जावं. दारापाशी मोठ्या अक्षरांत फलक लावा: मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181, तातडीची मदत 112. अल्पवयीन मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसानं त्याला मारणं हा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 खाली गुन्हा आहे, तेही त्याच फलकावर लिहा.

प्रयोगानंतर एखादं पोर मेकअपच्या खोलीपाशी घुटमळेल. त्याच्यासाठी एक माणूस आधीच नेमून ठेवा, ज्याच्याकडे सेट उतरवायचं काम नसेल. त्यानं पोराला बसवायचं, पाणी द्यायचं, ऐकून घ्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. घरी फोन लावायचा नाही, बापाला बोलावून समजूत घालायला जायचं नाही, त्याचा मार त्या पोरालाच पडतो. तिथेच बसून त्याच्यासोबत 1098 लावायचा आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत उठायचं नाही.